दिवे घाट चढताना

पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून माझी अठ्ठावीस वर्षे नोकरी झाली. या काळात बीड जिल्ह्यातल्या किती गावांत किती सभा घेतल्या, याचा हिशेब माझ्याजवळ नाही. बियाण्याला काय चोळावे, खताची मात्रा किती द्यावी, बोंडअळी कशी ओळखावी, हे मी पाठ केल्यासारखे सांगत आलो. पीक पिवळे पडले की माती तपासा, असेही सांगत आलो. पण स्वतः पिवळा पडलो तेव्हा रक्त तपासावे, हे मात्र माझ्या डोक्यात आले नाही. सौभाग्यवतींनी हट्टाने दवाखान्यात नेले, तेव्हा उपाशीपोटी साखर १८४ निघाली. वजन ८६ किलो आणि वय ५४. डॉक्टर म्हणाले, "साहेब, दिवसातून किती चालता?" मी म्हणालो, "दौऱ्यावर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर असतो." ते म्हणाले, "गाडीवर नव्हे, पायांनी." तेव्हा मी गप्प बसलो.

या गोष्टीला सहा महिने होत आले असतील. आमच्या भागातल्या एका गावची दिंडी दरसाल आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर जाते. त्या दिंडीतल्या एका आबांच्या शेतावर मी तुरीचे प्रात्यक्षिक घेतले होते. आबांचे वय ७८. अंगाने काटक, पाठीत किंचित वाकलेले, पण चालायला लागले की मागून तरण्या पोराला धावावे लागावे. मी साखरेची गोष्ट काढली, तर म्हणाले, "गोळ्या खाता तर खा. पन जून म्हैन्यात रजा काढा आन् आमच्यासंगं चला. पायाला काम लागंल." मी घरी येऊन सांगितले. सौभाग्यवतींनी त्याच रात्री पिशवी काढून ठेवली.

अशा रीतीने २०२३ सालची वारी माझ्या वाट्याला आली. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा दिवस. त्या वर्षी आषाढी एकादशी २९ जूनला होती आणि पाऊस फार लांबला होता. रोहिण्या कोरड्या गेल्या, मृगही कोरडा चालला होता. हजारो शेतकरी टाळ वाजवीत चालले होते खरे, पण विसाव्याला बसले की सगळ्यांची नजर आधी आभाळाकडे जाई आणि मग फोनकडे.

पुण्याचे दोन मुक्काम झाले आणि पालखी सासवडला निघाली. हा टप्पा साऱ्या वाटेत मोठा, तीस किलोमीटरच्या आसपास. त्यातच वडकीपासून पुढे दिवे घाटाची चढण. शिवाय त्या दिवशी एकादशी होती. इथे मी जो मूर्खपणा केला, तो मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण वाचकांपैकी कोणाच्या घरी साखरेचे दुखणे असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल.

पहाटे चारला उठून टँकरखाली आंघोळ केली. रोजच्या सवयीने साखर उतरवणारी गोळी घेतली. आणि आज एकादशी, सगळे उपवास करतात, आपणही कडक करू, म्हणून चहाखेरीज काही घेतले नाही. आबांनी दोनदा विचारले, "साहेब, शेंगदान्याचा लाडू घ्या." मी नको म्हणालो. पहिल्यांदाच वारीला आलेल्या माणसाच्या अंगात भक्ती जरा जास्तच येते, त्यातला हा प्रकार.

घाटाच्या पायथ्याशी खाली मस्तानी तलाव दिसतो. त्या वर्षी पाणी पार तळाला गेले होते. वर पाहावे तर वळणावळणाने माणसांचीच रांग, भगव्या पताका आणि बायकांच्या डोक्यांवरची तुळशीवृंदावने. माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात. ते बैल असे देखणे की माझ्यातला शेतकरी जागा झाला आणि मी वशिंड, खांदा, खूर पाहत राहिलो. अशातच निम्म्या चढणीवर मला दरदरून घाम फुटला. ऊन होते, म्हणून घामाचे काही वाटले नाही. मग हात थरथरायला लागले. टाळ ऐकू येत होते, पण लांबून आल्यासारखे. मी रस्त्याच्या कडेला बसलो ते नुसता बसूनच राहिलो. कोणी काय विचारले, मी काय बोललो, काही आठवत नाही.

आबा मागे वळून आले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, तो गार लागला. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, माझ्या तोंडात कोंबला आणि वर पाणी पाजले. परत एक खडा दिला. दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढचे ढग निघाल्यासारखे झाले. मग आबांनी दोन केळी खायला लावली. वाटेत आरोग्य खात्याची गाडी उभी होती, तिथे बोटातून रक्त काढून तपासले, तर एवढा गूळ खाल्ल्यावरही साखर जेमतेम ७४ होती. तिथल्या परिचारिका मुलीने मला लहान पोराला रागवावे तसे रागावले. "काका, गोळी घेतली, जेवला नाहीत आणि वर घाट चढताय? चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायूच साखर ओढून घेतात, त्यात गोळी. मग रक्तात उरणार काय?"

मी बी. एस्सी. अॅग्री. माणूस. पिकाला पाण्याचा ताण असताना युरिया टाकू नये, हे मी गावोगाव सांगितले आहे. हे त्याच जातीचे शास्त्र होते. बंधूंनो, साखरेची गोळी चालू असेल तर उपवास किंवा मोठी चाल यांपूर्वी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्या. खिशात गूळ किंवा साखर ठेवा. घाम, थरथर, एकाएकी भूक, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसली तर चालणे थांबवून आधी गोड तोंडात घाला. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही कोंबू नका, ते श्वासनळीत जाते. लगेच दवाखाना गाठा. एवढे सांगितले की माझा घाटातला तमाशा सत्कारणी लागला म्हणायचा.

सासवडच्या मुक्कामी आणखी एक शहाणपण आले. मी वारीसाठी नवे कोरे बूट घेतले होते. पायाला दोन फोड आले. साखरेच्या माणसाच्या पायाची जखम लवकर भरत नाही आणि कधी कधी दुखतही नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. आबांनी फोड पाहिले आणि बूट पिशवीत टाकायला लावले. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या जुन्या, पायाला बसलेल्या चपला घातल्या. रोज रात्री ते स्वतःच्या तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासत, आणि घासता घासता प्रत्येक बोटाच्या बेचक्यात नजर टाकत. त्यांना साखरेचे दुखणे नाही. "बैलाचे खूर रोज बघतो, मंग आपले कामून नाही?" असे त्यांचे म्हणणे.

जेजुरीला पालखीवर भंडारा उधळतात, सगळे रान पिवळे होते. तिथून वाल्हे, मग नीरेचे स्नान आणि लोणंद. दिवसाचे चक्र ठरलेले. पहाटे उठायचे, उन्हाआधी निम्मी वाट तोडायची, दुपारी विसावा, सूर्य मावळता मुक्काम आणि रात्री नऊ-दहाला जमिनीवर पाठ टेकायची. जेवणही तसेच. दिंडीच्या ट्रकमधून भांडीकुंडी येत. ज्वारीची नाही तर बाजरीची भाकरी, पिठले, कधी मटकीची उसळ, खर्डा, कांदा. भात असे, पण भाकरीमागून. घरी मी रात्री साडेनवाला पोळी-भात खाऊन दूरदर्शन संचासमोर बसणारा. इथे जेवून पुन्हा भजनाला उभे राहायचे. पाचव्या दिवसापासून मला झोपेसाठी कूस बदलावी लागली नाही.

आता पिकांची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. पुरंदरात अंजीर आणि सीताफळाच्या बागा पाहिल्या. पुरंदरच्या अंजिराला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे फलटण, माळशिरस भागात कालव्याच्या पाण्यावर दुतर्फा ऊस. ऊस पाहून माझ्यातला अधिकारी खूष होई. पण एका विसाव्याला आबा म्हणाले, "साहेब, या वाटंनं आधी मुक्कामाच्या घरी ज्वारीची भाकर मिळायची. आता जागजागी पोळ्या आन् बुंदी." मी विचार करू लागलो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आमच्याकडे अजून लोक नावाने मागतात. तिच्या भाकरीत तंतू असतात, पोट भरल्यासारखे राहते. २०२३ हे साल तर जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. त्याच्या सभा मीही घेतल्या, फलक लावले, आणि सभा संपल्यावर सगळ्यांना बिस्किटे आणि गोड चहा दिला! हेक्टरी उतारा किती, हे मी शेतकऱ्याला आयुष्यभर विचारले. घरात खायला काय ठेवलेस, हे एकदाही विचारले नाही. हा आमच्या खात्याचा दोष की माझा, याचा निकाल मी अजून दिलेला नाही, पण माझा वाटा त्यात नक्की आहे.

आमच्या दिंडीत एक मावशी होत्या, पासष्टीच्या. डोक्यावर तुळस घेऊन पूर्ण वाट चालत आणि विसाव्याला फुगडी घालत. मी एकदा म्हणालो, "मावशी, दमत नाही का तुम्ही?" त्या म्हणाल्या, "दमायचं काय त्यात? घरी मी पाच वाजल्यापून उभीच असते. हितं आयती गरम भाकर भेटते बघा, सगळ्यांसंगं बसून. घरी सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर काय उरंल ते." हे त्यांनी हसत सांगितले, पण मला घास गिळवेना. आमच्या घरी काय चालते? तेच. आम्ही बापलेक जेवून हात धुतो तेव्हा सौभाग्यवती ताट वाढून घेतात. खेड्यातल्या बायकांत रक्त कमी असते हे आरोग्य खाते सांगत असते आणि लोहाच्या गोळ्या देत असते. त्या गोळ्यांचे महत्त्व आहेच. पण भाजीचा वाडगा तिच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्यात रसच उरला असेल, तर दोष कोणाला द्यायचा?

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. माणसांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो आणि त्याच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. रिंगणे मी पाहिली, आनंद झाला. पण मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिली ती रोजची समाजआरती. मुक्कामी पालखी मधोमध येते, भोवती साऱ्या दिंड्या जमतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि एवढा जनसमुदाय क्षणात शांत होतो. हरवल्या-सापडल्याची वर्दी दिली जाते. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल, वाटेत कोणी अडवले असेल, पाणी मिळाले नसेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. मग त्यांच्याकडे जाऊन विचारतात, काय झाले. तक्रार ऐकली जाते, काही तोड निघते आणि मगच आरती. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली असे सांगतात. त्या शिस्तीतली ही रीत मला फार मोठी वाटते. आजची कुरबूर आजच, सगळ्यांसमोर बोलायची आणि मग झोपायचे. आमच्या भागात बांधावरून बारा-बारा वर्षे न बोलणारे सख्खे भाऊ मी पाहिले आहेत. दोघांनाही रक्तदाब आहे आणि दोघे एकाच डॉक्टरांकडे वेगवेगळ्या वारी जातात.

वारीत सारेच गोड असते असे मात्र कोणी समजू नये. उघड्यावरची घाण असते, माश्या असतात, पाण्याने पोटे बिघडतात. आमच्या दिंडीतले चार जण जुलाबाने बेजार झाले. मीठ-साखरेचे पाणी आणि उकळलेले पाणी यांवर आम्ही त्यांना सावरले. शिवाय गळ्यात तुळशीची माळ असली तरी खिशातली तंबाखूची पुडी काही सुटत नाही. मद्य-मांस वर्ज्य म्हणणारे बुवा दर विसाव्याला तळहातावर चुना मळताना दिसत. मी एकाला टोकले, तर तो म्हणाला, "ही तर वनस्पती आहे साहेब, तुमच्याच खात्यातली!" यावर काय बोलणार?

माळशिरसच्या मुक्कामी आबांची खरी गोष्ट कळली. रात्री झोप येईना म्हणून ट्रकला टेकून बसलो होतो. मी विचारले, "आबा, किती वाऱ्या झाल्या?" म्हणाले, "बत्तीस. मधली दोन गेली." २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी वारी झाली नव्हती. पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरपूरला नेल्या होत्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच आजारात आबांच्या घरच्या बाई गेल्या. पंचावन्न वर्षांचा संसार, आणि शेवटचे तोंडही पाहता आले नाही.

"मंग मी वट्ट्यावर बसून ऱ्हायलो," आबा सांगत होते. "पोरं म्हनायची, आता आराम करा. भाकर जागेवर, पानी जागेवर. गुडघे धरले. ध्यान ऱ्हाईना. डॉक्टरनं सांगितलं, वय झालं. मलाबी वाटलं, झालंच. येका दिवशी दिंडीचा इनेकरी आला, म्हनला, आबा, यंदा सुटनार हाय वारी, २०२२ ला, तुमचं नाव लिहू का? मी म्हनलो, मला उठवंना, अन् वारी कशी करू? तो म्हनला, नाव तर लिहितो. नाव लिहिलं म्हून दुसऱ्या दिवशी मारुतीपतूर गेलो. मंग फाट्यापतूर. तीन म्हैने रोज थोडं थोडं. आन् आलो."

मी म्हणालो, "आबा, शंभर वर्षे जगाल."

"शंभर कशाला? पुढच्या वारीपतूर जगायचं. तिथं गेल्यावर पुढचं पुढं."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. त्या माणसाच्या शरीरात काय काय झाले असेल याचा मी माझ्या परीने हिशेब मांडला. बसून स्नायू झिजले, झिजल्यावर सांध्यांवर भार आला, दुःखाने भूक गेली, भूक गेल्याने शक्ती गेली. मग थोडे थोडे चालणे वाढवल्यावर हे सारे उलट्या दिशेने भरून आले. पण या सगळ्याच्या आधी कोणीतरी ओट्यावर येऊन त्यांचे नाव विचारले होते. मुलांनी आबांवर प्रेमच केले, यात शंका नाही. पण म्हाताऱ्या माणसाला जागेवर भाकर देणे म्हणजेच त्याची सेवा, ही आपली समजूत मला तपासून पाहावीशी वाटते. आबांना आता घरात शेळ्यांचे काम दिले आहे. दोन पाट्या चारा आणतात, आणि सून रागावली तरी आणतात.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. टेकाडावरून पंढरीची दिशा दिसताच सारे वारकरी उतारावर धावत सुटतात. मावशी तुळस सांभाळीत धावल्या, आबा धावले आणि ८६ किलोचा मीही धावलो. खाली आलो तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहून हसत होतो. मला शेवटचे असे हसू कधी आले होते, हे आठवेना. ते बहुधा शाळेतच.

त्याच सुमारास फोन येऊ लागले. आभाळ भरले आहे, थेंब पडले आहेत, कोणाकडे चांगला झाला. टाळांचा ठेका तोच, पण लोकांचे पाय वेगळे पडू लागले. वाखरीच्या मुक्कामी निम्मी दिंडी बियाण्याच्या गोष्टी बोलत होती आणि मला प्रश्नावर प्रश्न विचारत होती. किती मिलिमीटर पडल्यावर पेरू? पहिल्या पावसावर घाई करू नका, चांगला ७५ ते १०० मिलिमीटर होऊन जमिनीत ओल खोल जाऊ द्या, हे मी तिथे पन्नास वेळा सांगितले असेल. अनवाणी पायांनी घेतलेली ती माझी पहिली सभा.

घरी आल्यावर वजन ८१ भरले आणि साखर उपाशीपोटी ११८. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. इथेच गोष्ट संपवली तर छान दिसेल, पण ते खरे होणार नाही. दिवाळीपर्यंत साखर पुन्हा १५० च्या वर गेली, कारण अठरा दिवसांची पुण्याई वर्षभर पुरत नाही. तेव्हापासून मी आणि सौभाग्यवती पहाटे स्टँडपर्यंत चालत जातो-येतो आणि रात्री आम्ही सगळे एकत्र जेवायला बसतो. पहिले आठ दिवस त्या अवघडून बसत, सारख्या उठत. आता मुलगा उठून वाढतो. भाकरी रोजची झाली आहे. गोळी चालूच आहे, आणि ती लाजेची गोष्ट आहे असे मला आता वाटत नाही.

पंढरपुरात आबांनी चंद्रभागेत आंघोळ केली, लांबून कळसाला हात जोडले आणि पिशवी उचलली. दर्शनाची रांग कित्येक तासांची होती. मी म्हणालो, "एवढे चालून आलात, दर्शन नाही घेत?" म्हणाले, "कळस दिसला, झालं. रानात वल झालीय, तिकडं वाट बघत असंल." एस. टी. स्टँडवर गर्दीतून मागे वळून ते ओरडले, "साहेब, तुरीच्या बियान्याला चोळायचं ते ट्रायकोडर्मा घिऊन या. आन् गाडीवर येऊ नका. फाट्यावर उतरा आन् चालत या, अडीच किलोमीटर हाय."

चौथ्या दिवशी मी फाट्यावर उतरलो. पिशवीत ट्रायकोडर्माचे दोन पुडे होते आणि खिशात गुळाचा खडा.